भाद्रपद ते भाद्रपद : कुत्र्याच्या पिल्लाचे पहिले वर्ष

कार्तिकात थंडी पडू लागली की गावातील प्रत्येक गल्लीत एखादी तरी कुत्री व्यालेली आढळते. औंढा नागनाथसारख्या यात्रेच्या गावी तर बंद हातगाड्यांखाली, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर पाच-सहा पिल्लांचा गोळा दिसतोच. शाळेतून परतणारी मुले त्यांना पोळीचा तुकडा टाकतात. त्यातलेच एखादे पिल्लू दप्तराबरोबर घरी येते. आई थोडी रागावते, आजी दुधात भाकरी कुस्करून देते आणि पिल्लू घरचे होऊन जाते.

पुढे काय होते? काही पिल्ले आठ-पंधरा दिवसांतच हगवणीने दगावतात. काही जगतात, पण भित्री निघतात आणि आल्या-गेल्याला चावतात. काही मात्र घराचा आधार होतात. एकाच वेतातील दोन पिल्लांत एवढा फरक का पडतो, असे विचारले तर आपण 'ज्याचे त्याचे नशीब' किंवा 'जात' असे उत्तर देतो. जातीचा वाटा असतो, हे खरे. परंतु पिल्लू कसे होणार याचा बराचसा निर्णय त्याच्या पहिल्या साडेतीन महिन्यांत होऊन जातो. नेमका हाच काळ आपण कौतुकात घालवतो.

हा विषय आरोग्याच्या सदरात येण्याचे कारण सरळ आहे. कुत्रा चावल्याने होणारा रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. शिवाय पिल्लाच्या पोटातील जंत घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून पिल्लाची वाढ कोणत्या क्रमाने होते आणि प्रत्येक टप्प्यावर घरच्यांनी काय करावे, हे मराठी महिन्यांच्या हिशेबानेच पाहू. गावठी कुत्र्यांचे वर्ष आपल्या पंचांगाशी बरेचसे जुळते.

गर्भातील दोन महिने

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे दोन महिन्यांहून थोडा अधिक असतो. भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री त्यामुळे कार्तिकात विते. अर्थात काही कुत्र्या मागेपुढे आणि वर्षात इतर वेळीही वितात. पाळीव कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते.

गाभणपणी कुत्रीला पोटभर व चांगले अन्न मिळाले तर पिल्ले सशक्त जन्मतात. तिच्या पोटातील गोल जंतांच्या अळ्या मात्र गर्भातच पिल्लांत शिरू शकतात. नुकतेच जन्मलेले स्वच्छ, गोंडस पिल्लू म्हणूनच जंतमुक्त समजू नये.

पहिला पंधरवडा : सारा भार आईवर

जन्मलेल्या पिल्लाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. डोळ्यांच्या पापण्या व कानांची छिद्रे बंद असतात. वास आणि ऊब यांच्या आधाराने ते आईचे सड शोधते. पहिल्या दिवसाचा चीक गाईच्या वासराला जितका आवश्यक, तितकाच पिल्लालाही असतो. रोगांशी लढणारी आईच्या शरीरातील द्रव्ये त्या चिकातून पिल्लाला मिळतात आणि ती शोषून घेण्याची पिल्लाच्या आतड्याची क्षमता साधारण एका दिवसात संपते.

या काळात पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. मोठ्या कुत्र्याचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे तापमान मात्र ३५ ते ३६ अंशांच्या आसपास असते. त्याला कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्तीही अजून आलेली नसते. म्हणून पिल्ले एकमेकांवर गोळा होऊन झोपतात. लघवी आणि शौचही त्यांना आपोआप होत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हाच ती होते.

निरोगी पिल्लाचे वजन सुमारे दहा दिवसांत दुप्पट होते. सतत केकाटणारे, अंगाने थंड आणि इतरांपासून बाजूला पडलेले पिल्लू संकटात आहे असे समजावे. आई मेली असेल आणि पिल्लू वाचवायचेच असेल, तर आधी ऊब द्यावी आणि मगच दूध पाजावे. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखे उताणे धरू नये. पोटावर ठेवूनच पाजावे, नाहीतर दूध फुफ्फुसात जाते. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली हलकेच पुसावे. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच दाट असते. त्यातील स्निग्धांश व प्रथिने जवळजवळ दुप्पट असतात. त्यामुळे पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर पिल्लू पोसले जात नाही. अशा वेळी पशुवैद्यकांना विचारून योग्य दूध द्यावे.

तिसरा आठवडा : जग उघडते

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कान उघडतात. पिल्लू पोट घासत सरकायचे सोडून डळमळत उभे राहते, शेपटी हलवते आणि पहिल्यांदा भुंकण्याचा प्रयत्न करते. आता लघवीसाठी ते झोपण्याच्या जागेपासून थोडे दूर जाऊ लागते. याच सुमारास दुधाचे दात हिरड्यांतून डोकावू लागतात. माणसाच्या बाळाला दुधाचे २० दात असतात, तर पिल्लाला २८. ते सुईसारखे टोकदार असतात. आईचे सड दुखू लागतात, ती मध्येच उठून निघून जाते आणि दूध तोडण्याची तयारी येथूनच सुरू होते. चौथ्या आठवड्यापासून पातळ, मऊ अन्न चाटायला द्यावे.

मार्गशीर्ष ते माघ : स्वभाव घडण्याचा काळ

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. आपला कोण, परका कोण, कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, याची नोंद त्याच्या मेंदूत या काळात होते.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर या गावी जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. तेथील एका प्रयोगाचे निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले. पिल्लांना उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात आईसह वाढवले. अन्नपाणी मिळत असे, पण माणसाचा सहवास नव्हता. वेगवेगळ्या वयाची पिल्ले आठवडाभरासाठी माणसांत आणून पुन्हा सोडण्यात आली. पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास माणसांत आलेली पिल्ले लवकर रुळली. चौदा आठवड्यांपर्यंत माणसापासून दूर राहिलेली पिल्ले मात्र रानटी जनावरासारखी वागू लागली. पुढे प्रयत्न करूनही त्यांची भीती गेली नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? चावणारे कुत्रे पुष्कळदा भित्रे असते. शेतातल्या आखाड्यावर साखळीला बांधून वाढवलेले, एका गड्याखेरीज कोणी न पाहिलेले कुत्रे पुढे पाहुण्यांवर, पोस्टमनवर, शाळकरी मुलांवर धावून जाते. लहानपणी बांधून ठेवले म्हणजे कुत्रे 'तिखट' राहते, असे आपल्याकडे मानतात. असे कुत्रे राखणदार होण्याऐवजी घाबरट व बेभरवशाचे होण्याचीच शक्यता अधिक. राखणीच्या कुत्र्याला घरची माणसे, येणारी-जाणारी माणसे आणि खरा चोर यांतील फरक कळला पाहिजे. तो कळण्यासाठी त्याने लहानपणी माणसे पाहिलेली असली पाहिजेत.

म्हणून या काळात पिल्लाला रोज थोडा वेळ हाताळावे. म्हातारी माणसे, लहान मुले, टोपीवाले, काठीवाले, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मोटारसायकल, पिठाची गिरणी हे सर्व त्याला दुरून आणि न घाबरवता दाखवावे. पंजे, कान आणि तोंड यांना हात लावण्याची सवय लावावी. म्हणजे पुढे डॉक्टरांना तपासणे सोपे जाते. आठव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू काही काळ अधिक बुजरे होते. तेव्हा त्याला मारणे, फटाके लावून मजा पाहणे, मुलांनी शेपटी ओढणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. त्या वयात बसलेली भीती पुष्कळदा जन्मभर राहते.

पिल्लू घरी केव्हा आणावे?

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जन्मलेले पिल्लू पौष पौर्णिमेला दोन महिन्यांचे होते. साधारण संक्रांतीचा काळ हाच पिल्लू घरी आणण्यास योग्य होय. त्याआधी आणू नये. आई आणि भावंडे यांच्याबरोबर खेळताना पिल्लू एक मोठा धडा शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ बंद होतो. आई गुरकावते. आपल्या दातांचा जोर किती ठेवायचा, हे पिल्लाला यातून कळते. पंचवीस दिवसांचे पिल्लू उचलून आणले तर हा धडा अपुरा राहतो. मग ते घरातील मुलांच्या हातापायांवर शिकू लागते.

घरी आणल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला द्यावे. नुसती दूध-भाकरी पुरत नाही. उकडलेले अंडे, मांस, दही यांतून प्रथिने मिळाली पाहिजेत. उलट, नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडून हाडे वाकतात. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषारी ठरू शकतात. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात, तीही देऊ नयेत.

जंत आणि लसी

जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावे लागते. दुसरा, चौथा, सहावा व आठवा आठवडा आणि त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला एकदा, असा साधारण क्रम असतो. मात्रा वजनावर ठरते. ती पशुवैद्यकांनीच सांगावी.

याचा घरातील मुलांशी थेट संबंध आहे. पिल्लाच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी बाहेर पडतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर ती रोग पसरवण्याजोगी होतात आणि पुढे बराच काळ तशीच टिकतात. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या मातकट हातांतून ती पोटात गेली की अळ्या यकृत, फुफ्फुस आणि क्वचित डोळ्यापर्यंत जाऊन दृष्टीला इजा करतात. उपाय साधा आहे. विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरावी, पिल्लाला वेळेवर औषध द्यावे आणि मुलांना जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी.

हगवणीने पिल्ले पटापट मरतात, ती पुष्कळदा पार्व्हो या विषाणूमुळे. हा रोग जगात १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. ओकाऱ्या, रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण, दोन दिवसांत अंगातील पाणी संपणे असे त्याचे स्वरूप असते. माणसाला तो होत नाही. परंतु विषाणू जमिनीत अनेक महिने जिवंत राहतो. एखादे पिल्लू या रोगाने गेले असेल तर लगेच त्याच जागी दुसरे आणून बांधू नये.

पार्व्हो आणि डिस्टेंपर यांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. 'एकदा दिली होती, तरी पिल्लू मेले' ही तक्रार नेहमी ऐकू येते. त्यामागचे कारण असे, की आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण अंगात असेपर्यंत ते लसीलाही निष्फळ करते. ते संरक्षण कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात संपते, तर कोणत्या पिल्लात सोळाव्या. नेमका दिवस बाहेरून कळत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा मात्रा द्यावी लागते.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी, म्हणजे साधारण महाशिवरात्रीच्या आधी. त्यानंतरची मात्रा पशुवैद्यक सांगतील त्या दिवशी आणि पुढे त्यांच्या सल्ल्याप्रमाणे दरवर्षी द्यावी. गावात सामुदायिक लसीकरण होत असेल तर तीन महिन्यांच्या आतील पिल्लांनाही वगळू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

पिल्लाचा चावा हाही चावाच

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे सांगायची आहे. 'पिल्लूच तर आहे, त्याला कुठला रेबीज' हा समज जीवघेणा आहे. तीन महिन्यांच्या आतील पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. पिसाळलेले कुत्रे गल्लीत आले तर जागेवरून पळू न शकणारी पिल्लेच त्याच्या तावडीत सापडतात. पिल्लाचे दात बारीक असल्याने जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते. मूल घरी सांगत नाही आणि सांगितले तरी कोणी मनावर घेत नाही.

उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात जून २०२५ मध्ये एक तरुण कबड्डीपटू रेबीजने मृत्यू पावला. गटारात पडलेल्या पिल्लाला त्याने बाहेर काढले होते, तेव्हा ते त्याच्या बोटाला चावले होते. जखम किरकोळ वाटली, लस घेतली गेली नाही आणि सुमारे दोन महिन्यांनी लक्षणे दिसली. जीव वाचवायला गेलेल्या धडधाकट तरुणाचा जीव असा गेला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२-२३ मध्ये केलेल्या पाहणीवरून देशात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज निघाला. जगभरात हा आकडा सुमारे ५९,००० धरला जातो आणि मरणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते.

चावा बसल्यास काय करावे?

१) जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी. विषाणू बाहेर काढण्याचा हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

२) हळद, चुना, तिखट, तेल, झाडपाला यांपैकी काहीही लावू नये. जखम आवळून बांधू नये. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये.

३) त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस अशा चार वेळा टोचतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवशीही एक मात्रा असते. येथे पहिला दिवस शून्य धरून मोजतात.

४) रक्त आले असेल, किंवा फाटलेल्या कातडीवर, डोळ्यात वा तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचणे आवश्यक असते. त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. रक्त न येता नुसते ओरखडले असले तरी लस घ्यावीच लागते. धडधाकट कातडीवर पिल्लाने चाटले असेल तर नुसते धुणे पुरते.

५) लस घेण्यासाठी दहा दिवस थांबू नये. लस सुरू करावी आणि त्याच वेळी पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावे. दहा दिवसांनंतरही ते ठणठणीत असेल तर पुढील मात्रांबद्दल डॉक्टर ठरवतील. पिल्लू मेले किंवा दिसेनासे झाले तर लसीचा क्रम पूर्ण करावा.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही भीती अजूनही जुन्या मंडळींच्या मनात आहे. ती लस आपल्या देशात २००४ अखेर बंद झाली. आताची लस दंडात टोचतात. गरोदर स्त्री, तान्हे बाळ, वृद्ध अशा सर्वांना ती देता येते. तिच्यासाठी कोणतेही विशेष पथ्य नाही.

पिसाळलेले पिल्लू नेहमी धावून चावेलच असे नाही. पुष्कळदा ते कोपऱ्यात निपचित पडते, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे म्हणून घरचे लोक त्याच्या तोंडात हात घालतात, आणि धोका तेथेच असतो. माणसासारखी पाण्याची भीती कुत्र्यात दिसेलच असे नाही. म्हणून 'पाणी पिते म्हणजे बरे आहे' हा निष्कर्ष काढू नये.

होळी ते ज्येष्ठ : दात पडण्याचा काळ

फाल्गुनात, म्हणजे होळीच्या सुमारास, पिल्लू चार महिन्यांचे होते. साधारण मध्यम बांध्याच्या पिल्लाने आता आपल्या पूर्ण वजनाच्या निम्म्यापर्यंत मजल गाठलेली असते. दुधाचे दात पडू लागतात. आधी पुढचे, मग सुळे व दाढा. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात पूर्ण होतात. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचे वय ओळखण्याची हीच खूण आहे. पुढचे सगळे दात बारीक व टोकदार असतील तर ते साधारण चार महिन्यांच्या आतील, आणि मोठे पांढरे शुभ्र सुळे पूर्ण आलेले असतील तर सहा-सात महिन्यांच्या पुढचे समजावे. तपासणी मात्र पशुवैद्यकांकडूनच करून घ्यावी.

हिरड्या शिवशिवत असल्याने या दिवसांत पिल्लू चपला, खाटेचे पाय, दप्तरे काहीही कुरतडते. त्याबद्दल मारू नये. जुनी सुती दोरी किंवा ओल्या फडक्याची गाठ चघळायला द्यावी. खेळताना हाताला दात लावले की खेळ तिथेच थांबवावा आणि पाठ फिरवावी. घरातील सर्वांनी एकच नियम पाळला तर पिल्लू थोड्या दिवसांत समजते. मुलाने हात चावू द्यायचा आणि वडिलांनी त्याच कारणासाठी मारायचे, यात पिल्लाला काहीच कळत नाही.

हाडांची टोके अजून कोवळी असतात. लांबी तेथेच वाढते. म्हणून मोठ्या अंगाच्या जातींना, तसेच पश्मी, कारवान यांसारख्या उंच पायांच्या शिकारी कुत्र्यांना एक वर्षाच्या आत मोटारसायकलमागे पळवू नये. गावठी कुत्रे साधारण वर्षभरात पुरते वाढते. फार मोठ्या जातींना दीड ते दोन वर्षे लागतात.

पुन्हा भाद्रपद

पुढचा भाद्रपद येतो तेव्हा कार्तिकातील पिल्लू दहा महिन्यांचे असते. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान कुत्री प्रथम माजावर येते. हा माज सुमारे तीन आठवडे टिकतो आणि त्यात गल्लीतील कुत्र्यांच्या मारामाऱ्या, पर्यायाने माणसांना चावण्याचे प्रकार वाढतात. एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या हिशेबाने साधारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासारखा असतो. शरीर वाढलेले, पण समज अजून येत असलेली. या वयात दुर्लक्ष झाले की तो भटकू लागतो.

पिल्लांची सोय लावता येणार नसेल तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने योग्य वयात नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यावी. वेत झाल्यावर पिल्ले पोत्यात भरून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येणे हा उपाय नव्हे. तेथील मुलांच्या वाट्याला आपण भुकेली, लस न घेतलेली कुत्री पाठवतो, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नागरिकांनी ती मागितली पाहिजे.

रस्त्यावरची पिल्ले

रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांचे काय होते, याचा अभ्यास पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्या आयसर या संस्थेतील संशोधकांनी पाच वर्षे केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ९५ वेतांतील ३६४ पिल्लांपैकी वयात येईपर्यंत केवळ १९ टक्के जगली. जी मेली, त्यांतील ६३ टक्के मृत्यूंशी या ना त्या प्रकारे माणसाचा संबंध होता. म्हणजे पाचांतले एकच पिल्लू मोठे होते. मेलेल्यांची जागा पुढच्या भाद्रपदानंतर नवी पिल्ले घेतात. त्यांना कोणतीही लस मिळालेली नसते. एकदाच लसीकरण करून भागत नाही, ते दरवर्षी करावे लागते, त्याचे मोठे कारण हेच.

हे जमू शकते, हे शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. तेथे सरकार आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून दरवर्षी घरोघर व रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०२१ साली गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. गावातील दहापैकी किमान सात कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते.

आपल्या औंढ्यात महाशिवरात्रीच्या यात्रेला कार्तिकातील पिल्ले सुमारे साडेतीन महिन्यांची असतात. आईने दूध तोडलेले, अन्नासाठी एकटी हिंडणारी आणि भाविकांच्या पायांत घुटमळणारी. यात्रेच्या आधीच्या पंधरवड्यात या पिल्लांसह सर्व कुत्र्यांना लस टोचली गेली, तर भाविकांचे आणि गावाचे दोघांचेही भले होईल. प्रत्येक गल्लीतील चार तरुणांनी आपल्या गल्लीतील कुत्री मोजून पशुवैद्यकीय दवाखान्याला यादी दिली, तरी अर्धे काम सोपे होते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेव महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि विसोबा खेचरांशी त्यांची भेट नागनाथाच्या या मंदिरात झाली असे परंपरा सांगते. तेव्हा कुत्र्याला दगड मारा, असे या मातीत कोणी सांगणार नाही. पिल्लाला भाकरी जरूर घालावी. त्याचबरोबर त्याच्या वयाचे आठवडे मोजावेत, जंतांचे औषध द्यावे, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्यावी आणि त्याचा दात कातडीत शिरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कार्तिकातील ते पिल्लू पुढच्या कार्तिकात दारात शांत बसलेला, लस घेतलेला, मुलांनी निर्धास्तपणे हात लावावा असा कुत्रा होऊ शकते. त्यासाठी लागणारे बहुतेक काम मात्र महाशिवरात्रीच्या आत उरकावे लागते.